बदलीकाकांच्या दोन गोळ्या

ठणठणीत असताना आजारी पडण्याची कला बदलीकाकांइतकी मी कुणात पाहिली नाही. मिलच्या विणाई खात्यात ते पक्के कामगार. पक्का माणूस आला नाही, तरच फाटकाशी ताटकळणाऱ्या बदली कामगाराला त्या दिवसाचं काम मिळे. म्हणून महिन्यातून दोनदा काकांचं पोट दुखे, आणि त्या दिवशी ते घरी बसून पोहे-जिलेबी हाणत. काकू करवादल्या की म्हणत, "अगं, त्याच्या घरीपण चूल आहे ना." आमच्या अख्ख्या मोहल्ल्याने त्यांचं नावच बदलीकाका ठेवलं.

माझे वडील त्याच मिलमध्ये कारकून. मिल बंद पडल्यावरही दोघं महिनाभर रोज फाटकापर्यंत जाऊन येत. मग वडील घरी बसले आणि काका सियागंजच्या बाजारात एका किराणा व्यापाऱ्याकडे लागले. तिथंच चक्कर येऊन पडले, तेव्हा कळलं की ब्लडप्रेशर भलतंच चढलंय.

डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. एका गोळीनं भागेना, म्हणून त्यांनी दुसरी जोडून दिली. एक नसा सैल करते, दुसरी अंगातलं जास्तीचं मीठ-पाणी काढते, असं समजावलं आणि बजावलं, "दोनों रोज लेना है, दादा. साथ में."

गोळ्या आणून द्यायचं काम माझ्याकडे होतं. दोन महिने झाले तरी पहिलीच पाकिटं संपेनात, तेव्हा मी विचारलं. काका खुशीत म्हणाले, "आज पांढरी ड्यूटीवर, उद्या पिवळी. दोघींना रोज कशाला राबवायचं? एकीला सुट्टी नको?"

मला इतकं हसू आलं. घरी येऊन वडिलांना सांगितलं, तेही हसले. नंतर एकदा मी म्हटलं, "काका, डॉक्टर रागावतील हां." तर म्हणाले, "डोकं दुखत नाही, चक्कर नाही. तू टेन्शन नको घेऊ, बेटा." मीही विषय सोडून दिला.

त्या हिवाळ्यात त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं तेव्हा काकूंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला सगळं सांगावं लागलं. आठवडाभर काका नुसते बघत होते. मग तेही थांबलं.

तेराव्याला विणाई खात्यातले एक जुने सोबती आले होते. त्यांना ही हकिकत सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "बेटा, उभा ताना आज आणि आडवा बाना उद्या, असा कपडा बनतो का? एवढं बोलली असतीस, तर तो लगेच समजला असता."

समजले असते. मिलचं बोलणं ऐकतच मी लहानाची मोठी झाले होते. काकांना पटेल असं ते एक वाक्य मलाही सुचायला हवं होतं, आणि मी त्यांच्यापुढे नुसती हसत बसले.