रानात मेलेलं माकड

अळणावरजवळच्या वाडीत तानूबाईच्या गोठ्यासारखा कोरडा गोठा दुसरा नव्हता. ती आणि तिचा नवरा नागोजी रानातून वाळका पाला आणून गुरांखाली अंथरत. पाला न्यायला वनखात्याची मनाई, म्हणून दोघं मागच्या पायवाटेनं जात.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला त्या वाटेवर एक माकड मरून पडलेलं दिसलं. नागोजीनं हात जोडले. मारुतीचं रूप उघड्यावर कसं टाकायचं, म्हणून खड्डा काढून पुरलं. घरी आल्यावर तानूबाईनं नागोजीच्या पाठीवरच्या बारीक गोचिडी वेचल्या. गुरांच्या असतील, असं दोघांना वाटलं.

पुढच्या आठवड्यात नागोजीला हुडहुडी भरून ताप आला. डोकं ठणकत होतं, डोळे लालभडक. मुलगा उमेश दोघांना गावच्या दवाखान्यात घेऊन गेला.

"रानात गेला होता काय?" डॉक्टरांनी विचारलं. "मेलेलं माकड बघितलं काय कुठं?"

नागोजीनं बायकोकडं पाहिलं. फॉरेस्टवाले पकडून नेतील, ही दोघांच्या मनातली भीती.

"नाही हो," तानूबाई म्हणाली. "शेत आणि घर, एवढंच."

डॉक्टरांनी तापाच्या गोळ्या दिल्या. अंगदुखी सोसेना, तेव्हा उमेशनं दुकानातून दुखण्यावरच्या जोरकस गोळ्या आणल्या. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं. धारवाडला मोठ्या दवाखान्यात नेलं, तोवर नागोजीला नीट बोलता येत नव्हतं. तिथं तानूबाईनं सगळं सांगून टाकलं.

"अक्का, हा माकडताप वाटतो," तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोचीड चावून येतो. यावर खास औषध नाही. पण आधी कळलं असतं तर तेव्हाच सलाईन लावून, रक्त तपासत नजरेखाली ठेवलं असतं. दुखण्याच्या त्या गोळ्या तर दिल्याच नसत्या. त्यानं रक्त जास्त जातं."

"मग वाचले असते?"

"सांगता येत नाही, अक्का."

नागोजी गेला. रक्ताचा रिपोर्ट नंतर आला, माकडतापच होता.

दिवसपाणी झाल्यावर फॉरेस्टचा माणूस दारात आला; दवाखान्यातून त्यांना माकडाचं कळलं होतं. तानूबाई घाबरतच त्याला माकड पुरलं त्या जागी घेऊन गेली. त्यानं आजूबाजूला गोचिडी मारायचं औषध मारलं. वाडीतल्या कुणी इकडं यायचं नाही, आलंच तर गोचिडी चावू नयेत म्हणून दवाखान्यात मिळणारं तेल अंगाला लावून, असं बजावलं.

"आधीच सांगायचं होतं, अव्वा," तो हळू आवाजात म्हणाला.

पाल्याबद्दल त्यानं अवाक्षरही काढलं नाही. तानूबाई वाटेतच खाली बसली.