पोरगा घरी येतो का?

गोराईच्या बोटीत समोर बसलेल्या कोळीणबाईंच्या हातात मी वाचलेली रहस्यकादंबरी दिसली आणि माझ्यातला वाचक उसळला. "त्या पळालेल्या पोराची आत्या आहे ना, तीच त्याची खरी आई!" मी सांगून मोकळा.

शेजारच्याने कपाळाला हात लावला. बाई मात्र रागावल्या नाहीत. रिकाम्या पाटीवर पाय टेकवून, चष्मा केसांत खोचून त्यांनी पुस्तकाची मागची बाजू दाखवली. शेवटची पानं फाटलेली होती.

"आई कोण का असंना, दादा. पोरगा घरी येतो का, ते सांग. मी नेहमी शेवट आधी बघते. पोर येणारच नसेल तर जीव कशाला टांगणीला लावू?"

मी डोकं खाजवलं. मृत्युपत्रावरची खोटी सही, काकांची दुसरी बायको, सगळं आठवलं. पोराचं काय झालं, तेवढंच आठवेना.

"वा रे दादा! घरातल्या सगळ्या भानगडी ध्यानात, नि पोरगाच हरवलास!" बाईंनी पुस्तक मिटून पिशवीत टाकलं. पुढे किनारा येईपर्यंत त्या पाण्याकडे बघत राहिल्या आणि मी माझ्या चपलांकडे.

घरी हा किस्सा मी रंगवून सांगितला. बायको हसली नाही. म्हणाली, "आपले चिरंजीव सकाळपासून कुठे गेलेत, ते ठाऊक आहे का तुम्हाला?"