वखारीच्या पाटीवरून फुटलेलं डोकं

मंडळी, आज सकाळी आमच्या चाकणच्या घरात एका पाटीवरून रक्त सांडलं!

धाकट्या दिरानं 'लाकडाची वखार' ही पाटी काढून 'वेअरहाऊस' लावली. कंपनीचा माल ठेवणार म्हणे. आमच्या ह्यांनी कुऱ्हाडीच्या दांड्यानं आधी पाटी फोडली, मग भावाचं डोकं.

हे गरजले, "गावच्या मयताला लाकूड कुठनं देणार रं? वखार हाय ही, गोडाऊन न्हाई!"

मी दिराच्या डोक्यावर पदर दाबला. सासरे ओरडले, "येड्यांनो, वखार म्हंजी गोडाऊनच! माझा आजा हितं धान्य ठेवायचा. लाकूड मागनं आलं."

आता दवाखान्यात दिराला टाके पडतायत. सासरे तर आधीपासून रोज त्याच वखारीच्या दारात बसतात. पण वखार म्हणजे काय, हे त्यांना कुणी विचारलंच नाही.

तुमच्या घरात आधी विचारतात, की आधी मारतात?