पणजोबांचा खांदा

क्लबमालकाने पिचरला फसवलं. अमेरिकेतल्या नोव्हाय गावातले आमचे शेजारी आजोबा कुठलंही बोलणं इथूनच सुरू करायचे. पिचर, म्हणजे बॉल टाकणारे, हे त्यांचे पणजोबा, सव्वाशे वर्षांपूर्वीचे व्यावसायिक बेसबॉलपटू. मालकाने त्यांना रोज बॉल टाकायला लावून त्यांचा खांदा निकामी केला आणि मग टोचून टोचून क्लब सोडायला लावला. हे सांगताना आजोबांचा रिकामा हात त्या काळच्या पद्धतीने खालून बॉल टाकल्यासारखा फिरायचा.

“दुसरा क्लब धरायचा ना!” मी एकदा चिडून म्हणालो.

“मालकाने सोडल्याशिवाय दुसऱ्या क्लबात जाता यायचं नाही. लाइक युवर व्हिसा, यंग मॅन!”

२००६च्या हिवाळ्यात बॉसने माझं ग्रीन कार्ड पुन्हा अडवलं. राजीनामा त्याच्या तोंडावर फेकायला मी निघालो, तर आजोबा घरातल्या सपाता घालूनच बर्फात आले आणि माझ्या गाडीपुढे उभे राहिले.

“पणजोबाही असेच तडकून निघून गेले. मालकाला तेच हवं होतं. यू स्टे अँड फाइट!”

मी थांबलो, भांडलो आणि कार्ड मिळवलं. त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही. पण आधी खांदा मोडायचा आणि वर ‘तोच सोडून गेला’ म्हणायचं, याचा जाब त्या क्लबला कुणीच विचारला नाही. क्लब अजून चालू आहे. आजच्या मालकांनो, उत्तर द्या!