पहिल्या पानावरचा फोटो

कापसाची ती वाईट वर्षं होती. यवतमाळच्या रस्त्यांवर बाहेरगावच्या नंबरांच्या गाड्या सारख्या दिसायच्या. वार्ताहर यायचे, अभ्यास करणारे यायचे, कॅमेरे घेतलेली माणसं यायची. त्यांना एखादं गाव हवं असायचं, गावातलं एक घर आणि शेतकरी नवऱ्याने जीव दिल्यावर त्या घरात मागे राहिलेली बाई. मी तेव्हा अशा बायकांच्याच एका लहानशा संस्थेत काम करत होते. शिवणकाम, मुलांची शाळा, सरकारी कागद, अशी आमची कामं. संस्था चालवायच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना आम्ही सगळ्याजणी मोठ्या बाई म्हणायचो. मी बी.कॉम. झाले होते, कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, म्हणून ऑफिसातला एकुलता एक कॉम्प्युटर माझ्या ताब्यात असायचा.

वेबसाइट करायचं मोठ्या बाईंच्या मनात आलं. येणारे-जाणारे आमच्याबद्दल लिहायचे, पण काय लिहिलं ते आमच्यापर्यंत क्वचितच पोचायचं. त्या म्हणाल्या, आपलं आपण सांगू. कोणाला वाचायचं असेल तर तिथे येऊन वाचतील.

ती कशी करायची यावर तेव्हा दोन मतं पडली. मी जिथे कोर्स केला होता त्या क्लासचे सर म्हणाले, तयार सॉफ्टवेअर घ्या. सीएमएस म्हणतात त्याला. फुकट मिळतं, कोड लिहावा लागत नाही, पत्र टाइप करता येणाऱ्या कोणालाही त्यात मजकूर आणि फोटो टाकता येतात. दुसरीकडे माझा मामेभाऊ होता, पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत. मी त्याला दादा म्हणते. तो म्हणाला, तयार कपडा कोणाच्या अंगाला नीट बसत नाही. मी तुमच्यासाठी पहिल्या ओळीपासून बनवून देतो.

सरांनी त्यांच्या क्लासमध्ये आम्हाला नमुना दाखवला. वर कुठल्याशा परदेशी समुद्राचं चित्र, आणि खाली मी टाइप केलेलं मराठी पार मोडून पडलेलं. ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या नको त्या बाजूला, जोडाक्षरं फुटलेली, काही ठिकाणी नुसते चौकोन. मोठ्या बाईंनी सगळा जन्म मुलांची शुद्धलेखनं तपासण्यात घालवला होता. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, हे नको.

दादाने बनवलेली साइट खरंच सुंदर होती. त्याने ती मनापासून केली होती. मामांचं शेत वणीच्या रस्त्याला लागून होतं. कोळशाच्या ट्रकांची धूळ बसून तिथला कापूस वेचणीच्या आधीच राखाडी व्हायचा, आणि दादा लहानपणी तोच कापूस वेचून मोठा झाला होता. त्याला या जिल्ह्याचा रंग माहीत होता. साइटवर काळ्या मातीचा आणि कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीचा रंग होता, अक्षरं स्वच्छ उमटत होती, आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर एका बाईचा रुंद फोटो होता. बाहेरच्या एका फोटोग्राफरने तो काढून आम्हाला दिला होता. घाटंजीकडच्या एका गावातली तिशीची बाई, नवरा जाऊन महिनाही झालेला नव्हता. दाराच्या चौकटीला टेकून बसलेली, डोळे भरलेले. फोटो घेऊ का, साइटवर लावू का, असं तिला विचारलं होतं आणि तिने मान हलवून होकार दिला होता. तो फोटो पाहून लोक आम्हाला लांबलांबून लिहायचे. मदतीलाही आले. साइटचं कौतुक झालं.

ती बाई त्यानंतर आमच्याकडेच शिवण शिकली. हात चांगला होता तिचा. आधी घरी मशीन चालवलं, मग गावातल्या मुलींना शिकवायला लागली. आपल्या मुलीला तिने यवतमाळला शिकायला ठेवलं. दिग्रसच्या कापूस जिनिंगमध्ये काम करणारा एक विधुर तिच्या भावाच्या ओळखीचा होता. त्याच्याशी तिचं लग्न ठरायच्या गोष्टी सुरू झाल्या. हे आम्हाला तिच्याचकडून कळलं, तेही कामाच्या बोलण्यात, मान खाली घालून सांगितलेलं.

एका दुपारी ती एसटीने आली आणि सरळ माझ्या टेबलापाशी उभी राहिली. दिग्रसच्या एका सायबर कॅफेत त्या माणसाच्या घरच्यांपैकी कोणीतरी त्याला आमची साइट उघडून दाखवली होती. त्याच्या वहिनीने विचारलं होतं, हीच का ती.

मी म्हटलं, त्यांना वाईट वाटलं असेल तर मोठ्या बाई जाऊन बोलतील.

"त्याइचं काही नाही," ती म्हणाली. "माह्यंच आहे. त्या फोटोत मी अजूनबी रडून राह्यली, ताई. घरी मी आता रडत नाही. थो फोटो काढून टाका."

मी म्हटलं, लगेच काढते. मला खरंच तसं वाटलं होतं.

पण तो फोटो काढणं माझ्या हातात नव्हतं. साइटच्या चाव्या दादाकडे होत्या, आणि दादाला कंपनीने अमेरिकेला पाठवलं होतं. मी मेल केला. आमच्याकडे वीज जाऊन-येऊन असायची, तेव्हा मेल पाठवायचा आणि उत्तर पाहायचं म्हणजे विजेच्या वेळा धरून बसावं लागायचं. त्याचं उत्तर आलं की शनिवार-रविवारी करतो. पुढचं आलं की काम फार आहे, थोडं थांबा. मग त्याने समजावून लिहिलं. तो फोटो एक नव्हताच. आमच्याकडचं इंटरनेट मंद, पान लवकर उघडावं म्हणून त्याने फोटोचे तुकडे केले होते आणि ते तुकडे प्रत्येक पानात जोडले होते. एक ओढला की मांडणी कोसळणार. नीट करायचं तर सगळं वरचं अंग नव्याने बांधावं लागणार होतं.

ती दर बाजाराच्या दिवशी यायची. चिडायची नाही, भांडायची नाही. दारातून विचारायची, "झालं काय?" मी सांगायचे, करणारा भाऊ अमेरिकेत आहे, अजून नाही झालं. मग बसून थोडं पाणी प्यायची आणि जायची. मोठ्या बाईंना ते सहन होईना. एकदा ती गेल्यावर त्या म्हणाल्या, "जिचा चेहरा आहे तिला आपल्यालाच विचारत यावं लागतं, आणि आपल्याला अमेरिकेला विचारावं लागतं. हे आपण काय करून ठेवलं?"

फोटो उतरायच्या आधीच तिचं लग्न झालं. घाटंजीला, मोजक्या माणसांत. मोठ्या बाई आणि मी, दोघी गेलो होतो. त्या दिवशी तिने साइटचा विषय काढला नाही.

शेवटी दादाने पासवर्ड पाठवला आणि काय काय करायचं ते लिहून पाठवलं. ऑफिसात वीज नव्हती म्हणून मी बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत जाऊन बसले. मूळ तुकड्यांच्या नावांनीच मातीच्या रंगाचे कोरे तुकडे चढवायचे होते. पहिले चढले आणि पान उघडून पाहिलं तर तिचा चेहरा गेला होता, पण खाली मांडीवरचे दोन हात आणि पदराचा काठ तसाच राहिला होता. शेजारच्या खुर्चीतला माणूस वळून पाहू लागला. मी घाईघाईने बाकीचे तुकडे चढवत गेले. सगळं कोरं झालं. तिचा एक शब्दही आम्ही त्या साइटवर लिहिला नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

पुढे काय करायचं यासाठी मोठ्या बाईंनी बैठक घेतली. शिवणवर्गाच्या बायका होत्या, क्लासचे सर होते, आणि दादा फोनवर होता. टेलिफोनचा स्पीकर लावून आम्ही भोवती बसलो. दादाला फार लागलं होतं. त्याने सांगितलं की मी पुन्हा सगळं बांधतो, आणि या वेळी असं करतो की फोटो बदलायचा तर तुम्ही स्वतः बदलू शकाल, एक पान तुमच्यासाठी वेगळं ठेवतो.

"आणि ते पान बिघडलं तर?" मोठ्या बाईंनी विचारलं.

दादा म्हणाला, मला फोन करा.

तयार सॉफ्टवेअरच्या विरुद्ध त्याने जे सांगितलं ते खरं होतं, आणि सरांनीही ते मान्य केलं. ते जगभर एकसारखं असतं, म्हणून त्यात शिरायच्या वाटाही चोरांना पाठ असतात. नवी आवृत्ती आली की घ्यावीच लागते, आळस केला तर भोगावं लागतं. आणि दिसायला ते कोणाचंही दिसेल. तुमचं दिसणार नाही, असं तो दोनदा म्हणाला. मराठीचं मात्र तोवर बरंच सुधारलं होतं. सरांनी नवा नमुना आणला होता, त्यात वेलांट्या जागच्या जागी होत्या.

शिवणवर्गातली एक जण इतका वेळ ऐकत होती. तिने सरांना विचारलं, "त्यात आमाले आमच्या हातानं लिहिता येईन काय? अन् लिहिलेलं खोडता?"

सर म्हणाले, येईल, शिकावं लागेल.

मोठ्या बाईंनी फोनकडे तोंड केलं. दादाला त्या लहानपणापासून ओळखत होत्या. म्हणाल्या, "तू केलंस ते यापेक्षा चांगलं होतं, बेटा. पण बाई दाराशी येऊन उभी राहिली की तिचं काम त्याच दिवशी व्हायला पाहिजे." तो म्हणाला, ठीक आहे, जुना मजकूर मी काढून देतो.

आम्ही तयार सॉफ्टवेअर घेतलं. दादाने सांगितलेलं सगळं पुढे घडलंही. मांडणी दुसऱ्या कोणाच्याही साइटसारखी दिसायची. बायकांनी टाकलेले फोटो ताणले जाऊन चेहरे रुंद व्हायचे. एकदा कोणीतरी आत शिरलं आणि आमच्या पानांवर परदेशी औषधांच्या जाहिराती झळकल्या. सरांनी आणि मी जुन्या प्रतीवरून साइट उभी केली, पण नंतरचा मजकूर गेला तो गेलाच. त्यात एका बाईने स्वतः, एका बोटाने, कितीतरी दुपारी बसून टाइप केलेलं पान होतं. मी तिला कसं सांगावं या विचारात होते. तिने ऐकून घेतलं आणि पुन्हा टाइप करायला बसली.

कोणाला आपलं नाव नको असलं की आम्ही त्याच दिवशी काढायचो. काही जणींनी काढायला लावलं आणि काही दिवसांनी परत घालायला लावलं. मोठ्या बाई कारण विचारू द्यायच्या नाहीत.

दादा पुढच्या दिवाळीला आला. आधी मामांकडे गेला, मग माझ्याकडे. ऑफिसात बसून त्याने आमची नवी साइट पाहिली. टाइप करत बसलेल्या बाईला त्याने फोटोची रुंदी-उंची कशी धरायची ते दाखवलं, आणि तिला जमेपर्यंत तिच्या शेजारी उभा राहिला. मग मला म्हणाला, मला दिग्रसला जायचंय, तू चल.

आम्ही एसटीने गेलो. जिनिंगच्या मागच्या वस्तीत तिचं घर. दारात मशीन मांडून ती शाळेचे गणवेश शिवत होती. नवरा पाळीवर गेला होता. तिने आम्हाला बसवलं, चहा केला, मुलगी काय शिकते ते सांगितलं. मी दादाची ओळख माझा भाऊ म्हणून करून दिली होती, पुण्याचा. दादा कप हातात धरून बसून राहिला. येताना रस्त्यात त्याने काय काय बोलायचं ठरवलं होतं ते मला माहीत होतं.

तीच म्हणाली, "तुमीच बनवलं होतं काय ते कम्प्युटरवरचं?"

"हो," दादा म्हणाला. "माफ करा. फार वेळ लावला मी."

"चांगलं बनवलं होतं म्हनत होते सगळे," ती म्हणाली. "मले काही सांगता येत नाही, भाऊ. मी फक्त माह्या तोंडाकडंच पाह्यलं."

दादाने मान हलवली. तिने त्याचा कप घेतला, आणखी थोडा चहा ओतला आणि त्याच्यापुढे ठेवला. मग ती मशीनवर जाऊन बसली, कारण गणवेश संध्याकाळी द्यायचे होते, आणि आम्ही शेवटची गाडी चुकू नये म्हणून निघालो.