मामांची उजवी बाजू
कापूर घातलेल्या मालिशच्या तेलाचा वास आला की मला मामांची शेवटची लढत आठवते. मी तेव्हा नागपूरला त्यांच्याकडे राहून कॉलेज करत होते. मामा एकेकाळी विदर्भाचे हेवीवेट बॉक्सिंग चॅम्पियन होते; तो किताब हातचा गेला होता आणि त्यांना परत हवा होता. त्यांच्या उजव्या डोळ्याला दिसेनासं झालंय, हे फक्त मामीला ठाऊक होतं. आजवर तिने त्यांची एकही लढत पाहिली नव्हती, त्या संध्याकाळी मात्र हट्टाने आली. मैदानावर धूळ आणि बिड्यांचा धूर होता. समोरचा तरुण सारखा उजवीकडून शिरायचा, आणि ठोसा बसल्यावरच मामांना कळायचं. शेवटी मामी उभी राहून ओरडली, "अवो, उजवीकडून येऊन राहिला तो! त्या डोळ्यानं दिसत नाही ना तुम्हाले!" पंचांनी लढत थांबवली, मामांचा डावा डोळा हाताने झाकला आणि विचारलं, "किती बोटं दिसतात?" मामा दातांनी हातमोज्याची नाडी सोडू लागले. सायकलरिक्षापाशी येईपर्यंत मामी रडत होती. "म्याच घालवलं तुमचं सारं." मामा आधी चढले आणि डावीकडे सरकून बसले. "इकडून बस वं," ते म्हणाले, "या बाजूचं मले काही दिसत नाही." मामा होते तोवर ती त्यांच्या उजवीकडूनच चालली. परवा मी तिला बाजारात नेलं, तर ती माझ्याही उजवीकडे आली.