नकाशातून पुसलेला नाला

भूगोलात एम.ए. झाले तेव्हा बाबांनी सगळ्या पाहुण्यांसमोर विचारलं होतं, "आता काय वं, नद्या मोजाले जाशील का?" त्यांचा जन्म कारकुनीत आणि प्रताप नगरच्या भाड्याच्या खोल्यांत गेला. मुलीनं बँकेच्या परीक्षा द्याव्यात, एवढंच त्यांचं म्हणणं. कॉलेजात मात्र भूगोलानंतरच्या नोकऱ्यांची यादी फळ्यावर मावत नव्हती. हवामान खातं काय, नगररचना काय! मी बावळट, सगळी वहीत उतरवून घेतली.

नोकरी लागली रामदासपेठेत, बिल्डरांचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात. एकदा सावनेर रोडवरच्या लेआउटचं काम माझ्याकडे आलं. सरकारी जुन्या नकाशात त्या जमिनीच्या मधोमध एक काळी रेघ होती. काळी रेघ म्हणजे पावसाळी नाला; आठ महिने कोरडा, चार महिने त्याची मर्जी. मी साहेबांना दाखवली.

"कुठं हाय पाणी? मी परवा जाऊन आलो, बकऱ्या चरून राहिल्या तिथं. मिटवा."

"सर, नाला आहे तो."

"मॅडम, पगार तुमाले नाले शोधाचा भेटते का?"

मिटवली. वाईट वाटलं वगैरे काही नाही, उगाच खोटं कशाला बोलू? दोन क्लिक. त्यावर प्लॉट बसवले, कोपऱ्यात हिरवागार बगीचा काढला. नकाशा मेला देखणा झाला.

पुढच्या उन्हाळ्यात बाबा रिटायर झाले. एका दुपारी पेढे घेऊन आले आणि टेबलावर एक रंगीत पत्रक पसरलं. बगीचा मी लगेच ओळखला. बाबांचं बोट बरोबर त्या पुसलेल्या रेघेवर होतं.

"हा आपला प्लॉट. रजिस्ट्री झाली. खाली तुया ऑफिसचं नाव दिसलं अन् सही ठोकली. कोणाले विचाराचं कायले?" मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मी तुले लय बोललो वं. भूगोल कामाचा असते."

करावं तसं भरावं म्हणतात. इथं केलं मी आणि भरलं बाबांनी. लाज वाटली, स्वतःचीच किळस आली.

"बाबा, तिथं नाला आहे."

त्यांनी चष्मा लावला. पत्रक डोळ्यांजवळ धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहिलं.

"कुठं हाये वं? नकाशात तं नाही."